थकलेल्या माणसाच्या उशाशी : रुग्णालयात स्वयंसेवक म्हणून काम कसं करावं

दुपारचे तीन. सरकारी रुग्णालयातला फीमेल मेडिकल वॉर्ड, खिडकीकडचा चौथा बेड. केसपेपरवर वय ७८. आजींच्या ओठांना सुकून पापुद्रे आलेले. उजव्या हाताला सलाईन आणि पाण्याचा तांब्याही उजव्याच बाजूच्या लॉकरवर, वर फुलपात्र पालथं घातलेलं. शेजारी बिस्किटांचा पुडा, न फोडलेला. मी म्हटलं, "आजी, पाणी देऊ?" त्यांनी मान हलवली. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा हळूच म्हणाल्या, "पाणी प्यायलं की लघवीला लागते गं. भांडं मागायला किती वेळा हाका मारू?"

त्या तापासाठी दाखल झाल्या होत्या आणि ताप दोन दिवसांतच उतरला होता. पण पाणी तोडल्यामुळे त्या इतक्या गळून गेल्या की घरी स्वतःच्या पायांनी अंगणात फिरणारी बाई इथे कुशीवर वळेना. औषधं वेळच्या वेळी मिळत होती, कुणाची हयगय नव्हती. फक्त तांब्या डाव्या बाजूला ठेवणं आणि दर दोन तासांनी "लघवीला जायचंय का?" असं आपणहून विचारणं, हे काम कुणाच्याच वाट्याला आलेलं नव्हतं.

स्वयंसेवकाची जागा नेमकी तिथे आहे. डॉक्टर आणि सिस्टर आजाराशी झुंजत असतात. आजारपणात म्हातारं माणूस पलंगावर पडून आणखी थकतं, ते थांबवायला आपण उभं राहायचं. गेली नऊ वर्षं मी हे काम करते आहे. जे शिकले, चुकले आणि पुन्हा शिकले, ते नव्याने येणाऱ्यांसाठी सविस्तर लिहिते आहे.

हे काम किती मोलाचं आहे

पलंगावर पडून राहण्याची किंमत आधी समजून घ्या. अमेरिकेत २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात धडधाकट वयस्कर माणसांना फक्त दहा दिवस अंथरुणावर ठेवलं, तर त्यांच्या पायांचे स्नायू जवळपास एक किलोने घटले. ही निरोगी माणसं होती. आपल्या वॉर्डातल्या माणसांना त्यात ताप असतो, भूक मेलेली असते आणि झोपेचं खोबरं झालेलं असतं.

दुसरा आकडा मला नेहमी बळ देतो. अमेरिकेतल्याच येल विद्यापीठातल्या डॉ. शेरॉन इनोये यांनी १९९३ साली न्यू हेवनच्या रुग्णालयात एक उपक्रम सुरू केला. प्रशिक्षित स्वयंसेवक रोज म्हाताऱ्या रुग्णांकडे जायचे. आज वार कोणता, आपण कुठे आहोत याची आठवण द्यायचे, चष्मा आणि श्रवणयंत्र लावायचे, पाणी पाजायचे, चालवायचे, झोपताना गरम दूध द्यायचे. सत्तरी ओलांडलेल्या ८५२ रुग्णांवरचे निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झाले. नेहमीची सेवा मिळालेल्यांपैकी १५ टक्के लोकांना रुग्णालयात भ्रम झाला, म्हणजे अचानक भान हरपून गोंधळायला झालं; या उपक्रमातल्यांमध्ये ते प्रमाण ९.९ टक्क्यांवर आलं. कुठलं नवं इंजेक्शन नाही, महागडं यंत्र नाही.

आपल्याकडे कुणी म्हणेल, "पण पेशंटजवळ नातेवाईक असतातच की." असतात. पण ते कोण असतात ते वॉर्डात उभं राहून बघा. ७५ वर्षांच्या आजोबांजवळ ७० वर्षांच्या आजी, त्यांचेच गुडघे धरलेले. नाहीतर पाच रात्री जमिनीवर चादर टाकून काढलेली सून, जिची मुलं गावी शेजाऱ्यांकडे आहेत. मुलाची रोजंदारी बुडते म्हणून तो सकाळी डबा देऊन जातो तो रात्रीच परत येतो. पुण्यामुंबईत मुलगा परदेशी आणि उशाशी एजन्सीची बाई. आपण या सगळ्यांच्या जोडीला जायचं, त्यांच्या जागी नाही.

पहिली पायरी : रीतसर परवानगी

"सेवा करायला कसली परवानगी?" असं म्हणून थेट वॉर्डात शिरू नका. जिल्हा रुग्णालयात जिल्हा शल्यचिकित्सकांच्या, म्हणजे सिव्हिल सर्जनच्या, आणि मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात अधिष्ठात्यांच्या नावे अर्ज करा. त्याआधी तिथल्या समाजसेवा अधीक्षकांना भेटा. कुठल्या वॉर्डात माणसांची गरज आहे हे त्यांना नेमकं माहीत असतं आणि पुढे तुमचे सगळे अडलेले प्रश्न त्यांच्याच टेबलावर जाणार असतात. ट्रस्टच्या आणि खासगी रुग्णालयात समाजसेवा विभाग किंवा जनसंपर्क कार्यालय असतं. राष्ट्रीय वृद्ध आरोग्य सेवा कार्यक्रम २०१०-११ पासून सुरू आहे आणि त्यात जिल्हा रुग्णालयांत दहा खाटांचा वृद्धांसाठीचा वॉर्ड अपेक्षित आहे. तुमच्या जिल्ह्यात तो चालू असेल तर सुरुवात तिथून करा.

अर्जात कोणते वार आणि कोणते तास हे स्पष्ट लिहा. एकट्याने जाण्यापेक्षा सहा-आठ जणांचा गट करा, म्हणजे एकाला अडचण आली तरी खाडा पडत नाही. आठवड्यातून दोन दिवस दोन-दोन तास, पण वर्षभर. उत्साहात रोज सहा तास देणारे महिन्याभरात दिसेनासे होतात आणि वाट बघणाऱ्या म्हाताऱ्यांना त्याचा फार त्रास होतो. ओळखपत्र गळ्यात असलंच पाहिजे. कावीळ-बी आणि फ्लूची लस घ्यायची का, हे तिथल्या डॉक्टरांना विचारून घ्या. स्वतःला सर्दी, ताप, जुलाब किंवा अंगावर पुरळ असेल त्या दिवशी घरी थांबा.

दुसरी पायरी : शिकल्याशिवाय हात लावायचा नाही

केरळात कोझिकोडला १९९३ साली वेदनाशामक उपचारांचं केंद्र सुरू झालं आणि पुढे २००१ पासून गावोगावचे स्वयंसेवक त्या कामात उतरले. तिथे सर्वसाधारण पद्धत १६ तासांच्या वर्गाची आणि त्यानंतर ४ दिवस अनुभवी माणसांसोबत प्रत्यक्ष कामाची. आपणही तेवढा आग्रह धरावा. निदान चार गोष्टी सिस्टर, फिजिओथेरपिस्ट आणि आहारतज्ज्ञांकडून करून बघत शिका: हात धुणं, बसवून भरवणं, उठवून चालवणं आणि भ्रम ओळखणं.

हात धुण्याचं थोडक्यात. साबण-पाण्याने ४० ते ६० सेकंद, सॅनिटायझरने २० ते ३० सेकंद. एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जाताना प्रत्येक वेळी. अंगठ्या, बांगड्या, घड्याळ घरी.

तिसरी पायरी : आज कोणाकडे जायचं

वॉर्डात पाऊल टाकलं की सरळ सिस्टर इन्चार्जकडे. तिला तीन प्रश्न विचारा. एकटं कोण आहे? कोण जेवत नाही? आणि कोणाला उठवायचं नाही, कोणाला उपाशी ठेवायचं आहे? ही नावं नव्हे, बेड नंबर वहीत लिहून घ्या.

तिसऱ्या प्रश्नावर मी पहिल्याच वर्षी ठेच खाल्ली. एका आजोबांनी पाणी मागितलं, मी दिलं. दोन घोट झाले आणि सिस्टर धावत आली. त्यांना तपासणीसाठी उपाशी ठेवलं होतं. तपासणी दुसऱ्या दिवसावर गेली आणि त्यांचा आणखी एक दिवस उपासात गेला. त्यांनी मला एका शब्दानेही दुखावलं नाही, पण तेव्हापासून सिस्टरला विचारल्याशिवाय मी तांब्याला हात लावत नाही.

थकलेलं माणूस ओळखायला वयावर जाऊ नका. पंढरीची वाट चालणारे ऐंशीचे वारकरी आपण बघतो आणि अडुसष्टाव्या वर्षी उंबरा ओलांडताना भिंत धरणारी माणसंही बघतो. २००१ साली अमेरिकेतल्या डॉ. लिंडा फ्रीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच खुणा सांगितल्या, त्या आजही वापरतात: कारण नसताना वजन घटणं, सतत थकवा, हाताची पकड सैल होणं, चाल मंदावणं, हालचाल कमी होणं. तीन किंवा जास्त असतील तर ते शरीर खचलेलं समजायचं. आपल्याला मोजमाप करायचं नाही. हातात हात घेतला की पकड कळते. ब्लाउज खांद्यावरून उतरत असेल, अंगठी दोऱ्याने घट्ट केलेली असेल, तर वजनाचंही कळतं.

चौथी पायरी : पलंगाजवळची पहिली पाच मिनिटं

समोरून जा, डोळ्यांच्या पातळीवर या. पायथ्याशी उभं राहून बोलू नका, स्टूल ओढून बसा. उजेड तुमच्या चेहऱ्यावर पडू द्या. "नमस्कार, मी इथली स्वयंसेवक. तुमच्याशी थोडं बोलायला आलेय, चालेल ना?" त्यांनी "नको" म्हटलं तर "बरं, उद्या येते," म्हणून उठा. वॉर्डात त्यांच्या हातात फार थोड्या गोष्टी उरलेल्या असतात. नकार देणं ही त्यातली एक.

"तुम्हाला काय म्हणू?" हे जरूर विचारा. सगळ्यांना आजी-आजोबा आवडत नाही. एक निवृत्त शिक्षिका मला ठामपणे म्हणाल्या होत्या, "बाई म्हण." त्या दिवसापासून त्या ताठ बसू लागल्या. शेतकरी बायांना मावशी जवळचं वाटतं, काहींना काकू. एकेरीवर मात्र येऊ नका. लहान मुलाशी बोलल्यासारखा लाडिक सूरही नको.

बोलता बोलता नजर फिरवा. चष्मा डोळ्यांवर आहे की पिशवीत? काचा पुसलेल्या आहेत का? कवळी डबीत राहिली आहे का? श्रवणयंत्राचा सेल चालू आहे ना? कमी ऐकू येत असेल तर ओरडू नका. ओरडल्याने आवाज चिरका होतो आणि शब्द आणखी हरवतात. ज्या कानाने बरं ऐकू येतं त्या बाजूला बसा, आवाज थोडा खाली आणा, सावकाश बोला. अगदीच जमलं नाही तर पाटीवर मोठ्या अक्षरात लिहा. पाणी, हाक मारायची घंटा, काठी, हातरुमाल हे सलाईन नसलेल्या हाताला पोहोचेल असं ठेवा. चादर ओली असेल, माकडहाडावर किंवा टाचेवर लालसर डाग दिसला, तर लगेच सिस्टरला सांगा. शय्याव्रण, म्हणजे पडून राहून होणाऱ्या जखमा, तिथूनच सुरू होतात.

पाचवी पायरी : घास आणि घोट

माझ्या मते सगळ्यात मोठं काम हे आहे. आणि सगळ्यात जपून करायचंही हेच.

ताट येण्याआधी दहा मिनिटं पोहोचा. आधी लघवीचं विचारा, मग हात-तोंड पुसून द्या, चष्मा आणि कवळी लावा. पलंगाचं डोकं पूर्ण वर करा, जमलं तर खुर्चीत बसवा. पाठ ताठ, हनुवटी किंचित खाली. आडवं पडून किंवा मान मागे टाकून एक घोटही देऊ नका. अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो आणि थकलेल्या माणसाला तो झेपत नाही.

स्वतः खाता येत असेल तर स्वतःच खाऊ द्या, वेळ लागला तरी. आपण फक्त पुडा फोडायचा, अंडं सोलायचं, पोळी वरणात कुस्करायची, ताट जवळ सरकवायचं. भरवायची वेळ आलीच तर छोटा चमचा, अर्धा भरलेला, आणि आधीचा घास गिळला हे गळ्याकडे बघून मगच पुढचा. घास तोंडात असताना प्रश्न विचारू नका. काय खायचं आधी, भाजी की भात, ते त्यांना विचारा. सगळं एकत्र कालवून लगदा करू नका. तो बघूनच भूक मरते.

थांबायचं कधी? खोकला आला, आवाज पाण्यातून आल्यासारखा घोगरा झाला, डोळ्यांतून पाणी आलं, घास गालात साठून राहिला किंवा डोळे मिटायला लागले, की तिथेच थांबा आणि सिस्टरला हाक मारा. नाकातून नळी असेल तर नळीला हात लावायचा नाही. ज्यांना पक्षाघात झाला आहे त्यांना सिस्टरने "हो" म्हटल्याशिवाय पाणीसुद्धा नाही. जेवणानंतर अर्धा तास बसवून ठेवा आणि चूळ भरायला द्या.

पाण्याचंही विचारूनच. हृदयाच्या आणि मूत्रपिंडाच्या काही रुग्णांना दिवसाचं पाणी मोजून दिलेलं असतं. बाकीच्यांना एकदम पेलाभर नको, दर अर्ध्या तासाला चार-पाच घोट. आणि प्रत्येक वेळी भांड्याचं आपणहून विचारा. म्हाताऱ्या बायका मागणार नाहीत. घरचा लाडू, पेढा, केळं कितीही प्रेमाने आणलं असलं तरी पथ्य विचारल्याशिवाय देऊ नका.

किती खाल्लं ते वहीत टिपा: पाऊण ताट, पाव ताट, दोन घास. "जेवल्या थोडंसं" यातून सिस्टरला काहीच कळत नाही.

सहावी पायरी : उठवणं आणि चालवणं

आमच्याकडे "आराम करा" हा आशीर्वादच होऊन बसला आहे. नातेवाईकांना वाटतं, पलंगावरून पाय खाली टाकू न देणं म्हणजे सेवा. त्यांना समजावणं हाही कामाचा भाग. कोणाला चालवायचं हे मात्र डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट ठरवणार. मांडीचं हाड मोडलेलं, चक्कर येऊन पडलेलं, ऑक्सिजनवर असलेलं माणूस आपल्या मनाने उठवायचं नाही.

परवानगी असेल तर असं करा. वाटेतली पाण्याची सांड, वायर, चपला बाजूला करा. गुळगुळीत झालेल्या स्लिपर नकोत. मागे पट्टा असलेली चप्पल बरी, नाहीतर कोरड्या फरशीवर अनवाणी. साडीच्या निऱ्या आणि धोतराचा सोगा नीट खोचून घ्या, पडण्याचं ते कारण मी डोळ्यांनी पाहिलं आहे. लघवीची पिशवी असेल तर ती कमरेच्या खालीच राहिली पाहिजे. सलाईनचं स्टँड सिस्टरला विचारूनच हलवा.

आधी कुशीवर, मग पाय खाली सोडून पलंगाच्या काठावर बसवा. इथे घाई नको. दोन मिनिटं थांबा. एकदम उठल्यावर रक्तदाब खाली जातो आणि भोवळ येते. घोटे दहा वेळा वर-खाली करायला सांगा, मुठी उघडझाप करायला सांगा. "गरगरतंय का?" विचारा. नाही म्हटलं, चेहरा पांढरा पडलेला नसला, तरच उभं करा. तुम्ही त्यांच्या अधू बाजूला, अर्धं पाऊल मागे. एक हात पाठीमागून कमरेला, दुसरा त्यांच्या तळहाताखाली. काखेत हात घालून कधीच ओढू नका, खांदा निखळतो.

पहिल्या दिवशी खुर्चीपर्यंत. दुसऱ्या दिवशी शेजारच्या बेडपर्यंत, म्हणजे तिथे बोलायला कुणीतरी असतं. मग संडासापर्यंत. "चार पावलं झाली, उद्या खिडकीपर्यंत जाऊ" असं मोजून सांगितलं की उमेद येते. दुपारचं जेवण खुर्चीत झालं तर तोही व्यायामच.

पाय लटपटले आणि माणूस खाली चाललं, तर त्याला उभं धरून ठेवायची झुंज देऊ नका. दोघंही पडाल. तुमच्या अंगावरून, मांडीवरून हळूहळू जमिनीवर बसवा, डोक्याला हात द्या, हाक मारा. पडलेल्या माणसाला सिस्टरने तपासल्याशिवाय उचलायचं नाही.

सातवी पायरी : 'वात' ओळखणं

आपल्याकडे जुनी माणसं म्हणतात, "आजोबांना वात झालाय, बरळतायत." डॉक्टर त्याला डिलिरियम म्हणतात. वर ज्याला भ्रम म्हटलं, तो हाच. म्हातारपणी असं व्हायचंच, असं समजून ते सोडून दिलं जातं. तो वेडेपणा नाही आणि विस्मरणाचा आजारही नाही. तो अचानक येतो, काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत, आणि दिवसभरात कमी-जास्त होत राहतो. मुळाशी बहुतेकदा शरीराचं काहीतरी बिघडलेलं असतं: संसर्ग, पाण्याची कमतरता, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठ, दुखणं, नवं औषध, ऑक्सिजन कमी होणं. कारण सापडलं तर बहुतेक वेळा माणूस परत जागेवर येतं.

एका संध्याकाळी पुरुषांच्या वॉर्डातले आजोबा सारखे पलंगावरून उतरू बघत होते. "सोडा मला, धारा काढायच्यात. म्हशी हंबरतायत." मुलगा वैतागून म्हणत होता, "अहो दादा, इथे कुठल्या म्हशी?" त्यावर ते आणखी खवळायचे. मी शेजारी बसले, चष्मा पुसून लावला, वरचा दिवा लावला. विचारलं, "किती म्हशी होत्या दादा?" म्हणाले, "तीन. एक मारकी." मग त्या मारक्या म्हशीचं सगळं पुराण झालं. बोलताना ते सारखे ओटीपोटावर हात नेत होते. मी सिस्टरला तेवढंच सांगितलं, "सकाळपासून बदललेत असं मुलगा म्हणतो आणि हात सारखा पोटाखाली जातोय." लघवीची नळी तुंबली होती. ती बदलली, पिशवी भरली. आजोबा तासाभरात गाढ झोपले आणि सकाळी मुलाला नावाने हाक मारली.

यातून तीन गोष्टी लक्षात घ्या. वाद घालून त्यांना खोटं पाडू नका, पण "हो, म्हशी बाहेर बांधल्यात" अशी थापही मारू नका. त्यांच्या भावनेला उत्तर द्या आणि हळूच वर्तमानात आणा: "आता आपण दवाखान्यात आहोत, संध्याकाळ झाली, तुमचा मुलगा इथेच आहे." दुसरं, नातेवाईकांना विचारा, "घरी असे होते का?" या एका प्रश्नाचं उत्तर डॉक्टरांना सोन्यासारखं असतं. आणि तिसरं, हातपाय बांधू नका. जोर करून झोपवू नका.

बरळणारं, ओरडणारं माणूस सगळ्यांना दिसतं. पण भ्रमाचा एक गप्प प्रकारही आहे आणि तो जास्त फसवा. काल बोलणारी आजी आज भिंतीकडे तोंड करून पडून आहे, हाक मारली की डोळे उघडते आणि पुन्हा मिटते. नातेवाईक म्हणतात, "बरं झालं, आज शांत आहेत." अशा शांततेची लगेच सिस्टरला खबर द्या.

भ्रम होऊ नये म्हणून रोज करायचं ते सोपं आहे. दिवसा पडदा उघडा, रात्री दिवे मंद. समोर मोठ्या अक्षरात वार, तारीख, रुग्णालयाचं नाव. मला अनुभवाने कळलं की "आज चौदा तारीख" पेक्षा "आज संकष्टी, चंद्रोदयाला उशीर आहे" हे आजींना पटकन लागतं. तिथी, सण, पेरणी, यात्रा यांवर त्यांचं वर्ष चालतं. ज्यांचं कॅलेंडर रमजान किंवा नाताळावर चालतं त्यांच्याशी तसं बोला.

गप्पा आणि झोप

गप्पांना विषय शोधावे लागत नाहीत. गाव कुठलं, माहेर कुठलं, लग्नात काय जेवण होतं, दुष्काळात काय खाल्लं. ७२ च्या दुष्काळात खडी फोडलेल्या बायका अजून वॉर्डात भेटतात आणि त्यांचं ऐकताना दोन तास पुरत नाहीत. बोलायचं नसेल तर नुसतं बसा. ओव्या, अभंग, जुनी भावगीतं कमी आवाजात चालतात, पण शेजारच्या बेडला विचारून.

झोपेसाठी: कानावर आदळणारे मोबाईल बंद करायची विनंती, पायांवर पांघरूण, पथ्यात असेल तर कोमट दूध, पाठीवरून हलका हात. पोटऱ्या मात्र चोळू नका. सुजलेल्या पायात रक्ताची गुठळी असली तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते.

नातेवाईकांना दोन तास द्या

"तुम्ही जेवून, अंघोळ करून या, मी साडेपाचपर्यंत बसते." हे वाक्य ऐकून रडलेल्या सुना मी पाहिल्या आहेत. वेळ सांगितली की पाळा. त्यांच्यासमोर "तुम्ही यांना पाणीच देत नाही" असं कधी बोलू नका. "आपण दोघी मिळून बघू" म्हणा आणि बसवणं, भरवणं त्यांनाही दाखवा, कारण घरी गेल्यावर ते त्यांनाच करायचं आहे.

पैशाची अडचण सांगितली तर स्वतः खिशात हात घालू नका, समाजसेवा अधीक्षकांकडे न्या. महाराष्ट्रात धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखाव्या लागतात. २०२४ च्या ऑक्टोबरपासून सत्तरी पार केलेल्या कुणालाही, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला ५ लाखांपर्यंतच्या उपचारांचं संरक्षण आहे. आधार कार्ड जवळ आहे का एवढं तरी विचारा. घरी मारहाण, उपासमार, जमिनीच्या कागदावर अंगठा घेण्याची घाई असं काही कानावर आलं तर स्वतः मध्यस्थी करू नका, पण गप्पही बसू नका. समाजसेवा अधीक्षकांना त्याच दिवशी सांगा. ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही हेल्पलाइनही आहे.

यात पडायचं नाही

औषध देणं, सलाईन कमी-जास्त करणं, ड्रेसिंग, नळ्या यांना हात नाही. रिपोर्ट वाचून अर्थ सांगणं नाही. "काही होणार नाही तुम्हाला" असं वचन नाही. कुठल्याही कागदावर साक्षीदार म्हणून सही नाही. अंगारा, काढा, बाबा-बुवा सुचवणं नाही. फोटो तर अजिबात नाही. मोकळ्या पाठीचा गाऊन घातलेल्या आजींना घास भरवतानाचा फोटो ग्रुपवर टाकणारा स्वयंसेवक मी त्याच दिवशी कामावरून थांबवला. बायकांना संडास-अंघोळीला मदत लागली तर बाईच, आणि वॉर्डातल्या कर्मचारी मावशींच्या सोबत.

निघताना

वहीत बेड नंबर, किती खाल्लं, किती प्यायलं, किती चालले, वागण्यात काय बदललं, हे लिहा आणि पाळी बदलायच्या आत सिस्टरला तोंडी सांगा. रोज भेटलेलं माणूस एके दिवशी पलंगावर नसतं आणि गादी गुंडाळलेली असते, हेही होणार. त्या दिवशी गटातल्या कुणाशी तरी बोलून मगच घरी जा.

डिस्चार्जच्या दिवशी एक चक्कर जरूर मारा. चष्मा, कवळी, श्रवणयंत्र, काठी पिशवीत गेली का बघा. कवळी उशीखाली राहते आणि मग महिनाभर पेजेवर निघतो. कोणतं औषध केव्हा, हे सिस्टरकडून नातेवाईकांना पुन्हा सांगायला लावा आणि त्यांच्याकडून वदवून घ्या. घरी संडास किती लांब आहे, रात्री वाटेत दिवा आहे का, भिंतीला धरायला काही आहे का, हे विचारा. कार्यालयाची परवानगी असेल तर तिसऱ्या दिवशी एक फोन. मी चारच गोष्टी विचारते: जेवतात का, लघवी-संडास होतेय का, बोलणं पहिल्यासारखं आहे का आणि आज पलंगावरून उठून कुठवर गेल्या?

खिडकीकडच्या त्या आजींच्या घरी फोन केला तेव्हा सुनेने उचलला. म्हणाली, "थांबा, बोलावते. तुळशीला पाणी घालायला गेल्यात."